भिंतीवर लावायचा फोटो

मी माझ्या मोठ्या आईच्या कपाळावरचं गोंदण पुसून टाकलं. जे उन्हाळ्याच्या घामानं गेलं नाही, धानाच्या रोवणीच्या चिखलानं गेलं नाही, चुलीच्या धुरानं गेलं नाही, ते मी अंगठ्याच्या एका दाबानं घालवलं. एवढ्यावरही थांबलो नाही. त्या पुसलेल्या तोंडाला सोनेरी काठाची फ्रेम बसवली आणि नेऊन तिच्याच हातात दिली, अंगणात शेजारच्या बायका बसलेल्या असताना.

मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. आमच्याकडे काकू म्हणायची पद्धत नाही. आणि नावाप्रमाणे तिचा अधिकारही मोठा. आई एक रट्टा देत असेल तर ही दोन देणार. पोंभुर्ण्याच्या पुढे, जंगलाला टेकलेल्या एका गावात ती मुलगा-सुनेजवळ राहते. मी चंद्रपूरला राहतो आणि विम्याच्या पॉलिसी विकतो. म्हणजे ‘भाऊ, उद्या तुम्हाला काही झालं तर?’ हा अभद्र प्रश्न तोंडावर हसू ठेवून विचारत गावोगाव फिरायचं, असा माझा धंदा. त्या धंद्याला साजेसा माझा स्वभाव आहे. मला एका जागी बसवत नाही. जेवताना मी उभा असतो, उभा असलो की गाडीवर असतो, आणि गाडीवर असलो की मध्येच थांबून फोटो काढत असतो.

हा फोटोंचा रोग नवा फोन घेतल्यापासून जडला. जुना फोन चांगला चालत होता. त्याचा गुन्हा एवढाच की तो जुना होता. नव्याला मागच्या बाजूनं चार डोळे आहेत. एक लांबचं बघायला, एक रुंद बघायला, एक अगदी जवळचं बघायला. चौथा कशासाठी, असं मी दुकानदाराला विचारलं, तर त्यानं फोन उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, ‘‘तो हाये, भाऊ.’’ मला ते उत्तर पटलं. आपल्या घरीही अशी एक-दोन माणसं असतातच.

मग मी सुटलो. आलापल्लीच्या रस्त्यावर सागाची सरळसोट झाडं दिसली की थांब, फोटो. वारूळ दिसलं, फोटो. सूरजागडच्या लोहखाणीकडून येणारे ट्रक धुरळा उडवत गेले की त्या लाल धुरळ्याचा फोटो, आणि मग महिनाभर भिंगावर बसलेल्या त्याच धुरळ्यातून बाकी सगळ्या जगाचे फोटो. वाघ तर पाहिजेच. चंद्रपूरच्या माणसाच्या फोनमध्ये वाघ नसला तर लोक त्याला बाहेरगावचा समजतात. माझ्याही फोनमध्ये आहे. खरं म्हणजे ते एक झुडूप आहे, पण त्याच्या मागे वाघ होता. मी लोकांना ते मोठं करकरून दाखवतो. मोठं केलं की झुडूपही जातं आणि नुसते हिरवे चौकोन उरतात. सासरे म्हणाले, ‘‘रानडुक्कर चांगलं आलं.’’ घरी बायको ताट वाढून वाट बघते, मी ताटाभोवती फिरतो. ती म्हणते, ‘‘तुमी जेवून राह्यले का पंचनामा करून राह्यले?’’

आणि एवढे फोटो काढून पुन्हा बघतो कोण? मी तर कधीच बघत नाही. काढला की पुढचा. फोन मधूनमधून आपणहून एखादा जुना फोटो वर काढतो, खाली गाण्याशिवायची बासरी वाजवतो आणि म्हणतो, ही बघा तुमची आठवण. बघावं तर पेट्रोल पंपाच्या पावतीचा फोटो असतो.

तर असा मी, मोहफुलांच्या दिवसात, मोठ्या आईच्या अंगणात उभा होतो. बसलो नव्हतो. गाडीचं इंजिन नुकतंच बंद केलं होतं आणि किल्ली बोटात फिरत होती. अंगणभर मोहफुलं वाळत घातलेली, त्यांचा तो गोड, थोडा आंबूस वास भरलेला. मोठी आई कडेला बसून फुलांतला कचरा निवडत होती. मान वर न करता म्हणाली,

‘‘बापू, तो चांगला फोन तुयाचजवळ हाये न?’’

‘‘हो.’’

‘‘मंग माया एक फोटू काढून दे. मोठा. भिंतीवर लावाले.’’

‘‘भिंतीवर कशाला आत्ताच?’’

‘‘आत्ताच म्हंजे? मेल्यावर मी उठून बसू का फोटूले?’’

मला हसू आलं, पण ती हसत नव्हती. पुढच्या आठवड्यात तिला नागपूरला नेणार होते. पोटात गाठ निघाली होती, ऑपरेशन ठरलं होतं. ‘‘वापस आली तं आली,’’ ती म्हणाली. ‘‘नाई आली तं फोटू तं पाहिजे न. नाई तं यायच्यासारखं होईन.’’

‘यायच्यासारखं’ म्हणजे मोठ्या बाबांसारखं, तिच्या नवऱ्यासारखं. तिनं मागे न बघता अंगठ्यानं आतल्या भिंतीकडे दाखवलं. मोठे बाबा गेले तेव्हा त्यांचा एकटा असा फोटोच घरात नव्हता. कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून त्यांना कापून काढलं, मोठं केलं. घोळका गेला, पण त्यांच्या खांद्यावर कुणाचा तरी हात होता तो तसाच राहिला. नुसता हात. मनगटापासून पुढे. कुणाचा ते आजवर कळलेलं नाही. गावातल्या दोन-तीन जणांनी तो आपला असल्याचं सांगितलं, पण त्यांच्यात एकमत नाही.

‘‘रोज फोटूले फूल वाह्यतो न, तं त्या हाताले पण वाहा लागते,’’ मोठी आई म्हणाली. ‘‘कोन होय तो, कोनाले मालूम. मले तसा फोटू नाई पाहिजे. माया मले पाहिजे. पुरा. एकटीचा.’’

दिवसभर मी लोकांना मरणाची आठवण करून देत फिरतो, पण ती माझ्याकडे इतक्या सरळ कुणी परत फेकली नव्हती. मी गडबडलो, आणि गडबडलो की मी घाई करतो. तिला तिथंच, मोहफुलांच्या कडेलाच उभं केलं, डोक्यावरचा पदर नीट करायला सांगितलं आणि फोटो काढला. एकच. ती म्हणाली, ‘‘पाहू.’’

मी म्हणालो, ‘‘आता नाही. गालाला चुलीची काजळी लागली आहे तुझ्या. मी घरी नेतो, मस्त करतो, फ्रेम करून आणतो. मग बघ.’’

‘‘काजळी होय तं पुसून घेतो न मी,’’ असं म्हणत तिनं पदराचं टोक हातात घेतलंही होतं. ‘‘काही गरज नाही, फोन पुसतो,’’ असं म्हणत मी गाडीला किक मारली. पाणी प्यायलो नाही म्हणून वहिनी, म्हणजे तिची सून, मागून ओरडली. मी हात हलवला.

संध्याकाळी घरी फेऱ्या मारत मारत ते काम केलं. फोटो सुंदर करायचं एक ॲप आहे. त्यात एक बटण असतं, ‘डाग काढा’. त्याच्याखाली एक पट्टी, थोडे काढा ते सगळे काढा. आता माझ्यासारखा माणूस पट्टी मध्यावर का ठेवेल? शेवटपर्यंत ओढली. गालावरची काजळी गेली. मी काजळीच्या जागेकडेच बघत होतो, म्हणून मला काम फत्ते दिसलं. सुरकुत्याही बऱ्याच गेल्या, रंगही उजळला. प्लास्टिकच्या नव्या बादलीवर असते तशी चकाकी आली. बायकोला लांबून दाखवलं. ती भाजी परतत होती. तिनं एक नजर टाकली आणि म्हणाली, ‘‘कोणत्या शिरेलीतली सासू होय हे?’’ मी ती स्तुती समजलो.

त्याच वेळी फोन रडायला लागला की जागा संपली, जागा संपली. मी अशा वेळी फार कर्तव्यदक्ष होतो. सुंदर झालेला फोटो ठेवला आणि मूळचा उडवला. उडवलेले फोटो काही दिवस कचऱ्याच्या डब्यात पडून असतात. मला घाण आवडत नाही. डबाही रिकामा केला.

फ्रेम घेऊन गेलो तेव्हा अंगणात शेजारच्या तीन-चार बायका होत्या. मोहाचं काम असलं की बायका आपोआप जमतात. मी वर्तमानपत्राचा कागद फाडला, फ्रेम मोठ्या आईच्या हातात दिली आणि दोन पावलं मागे सरून तिच्या चेहऱ्यावरचा आनंद टिपायला फोन काढून तयार राहिलो.

ती बघत राहिली. मग तिनं पदराच्या टोकानं काच पुसली. पुन्हा बघितलं. पुन्हा पुसली, या वेळी एकाच जागी, फोटोतल्या कपाळावर, जरा जोर लावून. मग काचेवर तोंडाची वाफ सोडून पुसली. माझ्या अजूनही लक्षात आलेलं नव्हतं. मला वाटलं, काच खराब दिली त्या फ्रेमवाल्यानं.

शेजारची एक बाई मान लांब करून म्हणाली, ‘‘बाई, तुमची बहीण होय का जी?’’

मोठ्या आईनं फ्रेमवरचा हात काढून स्वतःच्या कपाळाला लावला. दोन भुवयांच्या मध्ये. मग हनुवटीला. आणि मला म्हणाली,

‘‘माहं गोंदण कुठी हाये?’’

तेव्हा दिसलं. म्हणजे दिसेनासं झालेलं दिसलं. गोंदण नव्हतं, फोटोत जिथं ते असायला हवं तिथं बादली चकाकत होती. मी तोंडाला येईल ते बोलू लागलो. म्हणालो, फोनला वाटलं डाग आहे. म्हणालो, फोन खूप हुशार आहे, पण तो आपल्याकडचा नाही, त्याला काय माहीत गोंदण काय असतं. म्हणालो, तशीही तू किती तरुण दिसतेस.

‘‘डाग?’’ मोठी आई म्हणाली.

बायका एकमेकींकडे बघून मोहफुलं जरा जोरात निवडू लागल्या. वहिनी पदर तोंडाला लावून आत पळाली. ती हसायला पळाली हे मला चांगलं कळलं.

‘‘बापू,’’ मोठी आई म्हणाली, आणि तिचा आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे मला जास्त भीती वाटली, ‘‘सोनंनाणं इथीच राह्यते. लुगडंसुद्धा जळते. गोंदण तेवढं संगं येते. तू तेवढंच काढून घेतलं माहं.’’

तिनं फ्रेम काच खाली करून मोहफुलांच्या टोपल्याजवळ ठेवली. मी चहा न पिता निघालो. या वेळी मागून कुणी ओरडलं नाही.

आता इथं वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लावता आला असता, पण ते मला साधत नाही, मध्येच फुटतं. म्हणून सांगून टाकतो. तिचं ऑपरेशन नंतर नीट पार पडलं आणि ती आजही दोन माणसांचं बोलते. पण तेव्हा हे मला माहीत नव्हतं, आणि तिलाही नव्हतं. तेव्हा एवढंच समोर होतं की म्हातारी नागपूरला निघाली आहे, तिनं मागितला तो एक फोटो, आणि मी तो बिघडवून ठेवला आहे. पोंभुर्ण्यापासून चंद्रपूरपर्यंतच्या रस्त्यात मी कुठंही थांबलो नाही, फोटोही काढला नाही.

शहाण्या माणसानं दुसऱ्या दिवशी सरळ परत जाऊन दुसरा फोटो काढला असता. मला वाटलं, पुन्हा तोंड दाखवण्यापेक्षा आपणच दुरुस्त करू. फोनमध्ये रंगाची पेन्सिल असते. तिनं कपाळावर गोंदण काढायचं, झालं. पेन्सिल घेतली, हिरवट काळा रंग निवडला, बोट टेकवलं आणि थांबलो.

ते होतं कसं?

चंद्रकोर होती, एवढं नक्की. तोंड वर की खाली? तिच्या खाली टिपका होता की वर? एक की तीन? हनुवटीवर काय होतं? लहानपणी सगळ्या सुट्ट्या तिच्याकडे काढल्या, तिच्या हातून घास खाल्ले, म्हणजे ते कपाळ माझ्या डोळ्यांसमोर वीतभर अंतरावर असणार. मी बायकोला विचारलं. ती म्हणाली, ‘‘तुमच्या घरची बाई, अन मले विचारून राह्यले?’’ मग मी फोन धुंडाळला. इतक्या वर्षांत तिचा एखादा तरी फोटो असेलच. मोटारसायकलचा मीटर होता. ताटं होती. वारुळं होती. झुडूप होतं. तिच्या अंगणातले तर कितीतरी होते, पळसाचे, कोंबड्यांचे, वाळणाऱ्या मोहफुलांचे, आणि त्यातल्या एकाच्या कडेला नऊवारीचा काठ आणि एक पाय. पायात चांदीचं कडं. तेवढीच मोठी आई.

खोलीतल्या खोलीत मी किती फेऱ्या मारल्या कोण जाणे. बायको म्हणाली, फरशी झिजेल. शेवटी अंदाजानं एक कोर आणि एक टिपका काढला आणि फ्रेमवाल्याकडे नेऊन विचारलं की असा निघेल का. त्यानं चष्मा कपाळावर चढवून फोटो बघितला.

‘‘निघन न जी, काऊन नाई निघन,’’ तो म्हणाला. ‘‘पण ते माशी उडवून काढा न फोटो, भाऊ.’’

तिला नागपूरला न्यायच्या आदल्या दिवशी मी पुन्हा गेलो. सकाळी निघायचं ठरवलं होतं, धीर यायला दुपार झाली. आमच्याकडच्या एप्रिलमधल्या दुपारी शहाणी जनावरंही सावली सोडत नाहीत. मोठी आई ओसरीवर बसली होती. शेजारी नागपूरला न्यायची पिशवी भरून ठेवलेली, तिच्यावर घडी केलेलं लुगडं. माझी फ्रेम दिसली नाही. पुढे चहाच्या वेळी कळलं की वहिनीनं ती मोहफुलांच्या टोपल्यावर झाकण म्हणून ठेवली होती. बसली होती अगदी बरोबर.

‘‘आला का,’’ मोठी आई म्हणाली. ‘‘आता काय पुसाले आला?’’

मी सांगितलं, सगळी बटणं बंद केली आहेत. सुंदर करायचं ॲपच काढून टाकलं. जसं आहे तसंच येईल. तिनं पिशवीवरचं लुगडं पुन्हा नीट केलं आणि म्हणाली, ‘‘काढ.’’

मी काढायला लागलो. पण ती फोटोसाठी म्हणून बसली. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर, ओठ दाबलेले, डोळे मोठे. रेशन कार्डावर असावा तसा चेहरा. गोंदण दिसत होतं, पण मोठी आई नव्हती. मी म्हणालो, जरा हस. ती हसली, ते आणखी वाईट होतं. मी उकिडवा बसलो, उभा राहिलो, खाटेवर चढलो, अंगणात उतरून उन्हातून काढले, परत ओसरीवर आलो.

‘‘अरे, एका जागी बस न बावा!’’ ती ओरडली. ‘‘माया फोटू काढून राह्यला का माकडं हाकलून राह्यला?’’

तेवढ्यात फोननं पाटी दाखवली. फोन फार गरम झाला आहे, म्हणून कॅमेरा बंद. मी पाटी मोठ्यानं वाचून दाखवली.

‘‘चंद्रपूरचा होय न फोन? अन चंद्रपूरचं ऊन नाई सोसत त्याले?’’

वहिनीनं माझ्या हातातून फोन घेतला, ओल्या फडक्यात गुंडाळला आणि माठाशेजारी निजवला, ताप आलेल्या लेकराला निजवावं तसा. ‘‘आता तुमी पण बसा, भाऊजी,’’ ती म्हणाली. ‘‘तो निवेपर्यंत.’’

फोन हातात नसला की मला हात कुठं ठेवावेत ते समजत नाही. मी मोठ्या आईजवळ बसलो. पाय हलत होता, तिनं गुडघ्यावर थाप मारून थांबवला. मग मी पहिल्यांदा तिच्या कपाळाकडे नीट बघितलं. कोर होती, तोंड वर. कोरीच्या पोटात एक टिपका. हनुवटीवर आणखी एक, मोठा, कडा फुटलेला, शाई पसरावी तसा.

‘‘हा असा का?’’ मी विचारलं.

‘‘लाथ मारली मी गोंदणारीले,’’ ती म्हणाली. ‘‘आठवडी बाजारात होती ते. सुया घेऊन बसे. मायनं मले मांडीत दाबून धरलं होतं. कपाळाचं झालं तोपर्यंत गप होती मी. हनुवटीवर टोचलं अन मारली लाथ. सुई सरकली. मायनं गोंदणारीचं पण ऐकलं अन मले पण दिला एक रट्टा.’’ ती हसली. आता हसली, आणि माझा फोन माठाजवळ निजलेला. ‘‘मायच्या कपाळावर पण हेच होतं. असंच. माय लवकर गेली माही. ताप आला, गेली. फोटू कुठचे तवा? तिचं तोंड मले आठवत नाई बापू. नाक कसं होतं, डोये कसे होते, काई नाई. गोंदण आठवते.’’

माझा पाय पुन्हा हलायला लागला.

‘‘वर गेली तं ते मले कशी ओळखन? मी तं म्हातारी झाली तिच्यापेक्षा,’’ ती म्हणाली. ‘‘यानंच ओळखन न. अन इथी तुमी भिंतीवर दुसरीच बाई लावून ठेवसान.’’

वहिनीनं फोन आणून दिला. तो निवला होता. मोठी आई म्हणाली, ‘‘याच्यात माहं तोंड दिसते का रे, आरशासारखं? आमचा आरसा तिकडं दारामागं अंधारात हाये, दाढीपुरता. किती दिस झाले, गोंदण पाह्यलंच नाई म्या. तू पुसलं तवापासून मनात येऊन राह्यलं, खरंच गेलं का काय.’’

मी पुढचा कॅमेरा चालू करून फोन तिच्या समोर धरला. मागून वाकलो, म्हणजे तिला काय दिसतंय ते मलाही दिसावं. तिनं आधी मान मागे घेतली, मग पुढे आणली. पदर थोडा मागे सारला. बोट कोरीवरून हळूच फिरवलं, टिपक्यावर थांबवलं. हनुवटी वर केली. फोटो निघतोय हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं, त्यामुळे ताठ बसायची तिला गरज पडली नाही. ती कुणाला तरी शोधत होती आणि ते माणूस तिला सापडत होतं, असा तिचा चेहरा झाला. मी फोन घट्ट धरायला गेलो, कडेचं बटण दाबलं गेलं आणि खट्‌ असा आवाज झाला.

‘‘काढला का?’’

‘‘चुकून.’’

‘‘दाखव.’’

या वेळी मी नंतर दाखवतो म्हणालो नाही. तिनं फोन दोन्ही हातांत घेतला आणि लांब धरून पाहिला, जवळ आणून पाहिला. वहिनीही मागे येऊन उभी राहिली. गोंदण होतं. काजळीही होती गालावर, या वेळी दुसऱ्या गालावर. मोठी आई होती, जशी आहे तशी.

‘‘हाच,’’ ती म्हणाली. ‘‘हाच लाव भिंतीवर.’’

मला इतका आनंद झाला की मी उठून उभा राहिलो. मग फोटो पुन्हा पाहिला आणि बसलो. कारण तिच्या चेहऱ्यामागे, ओसरीच्या अंधारात, मीही होतो. तोंड उघडं, वरचे दात सगळे बाहेर, एक डोळा मिटलेला, गालावर घामाचे ओघळ. आणि माझा डावा हात तिच्या खांद्यावर. तो तिथं कधी ठेवला हे मला आठवत नव्हतं.

‘‘मोठी आई, पण यात मी आलो आहे,’’ मी म्हणालो.

‘‘दिसून राह्यलं मले,’’ ती म्हणाली. ‘‘गोंदण पुसाले कोनी सांगतलं नव्हतं, तं ते बरोबर पुसलं. आता सांगून राह्यली, तं हे मागचं थोबाड पूस. अन तो हात पण.’’